एक रुपयाचं काम नाही

चंद्रपूर-गडचिरोलीकडे जुनी गाडी विकणाऱ्याच्या तोंडी एक वाक्य हमखास असतं : ‘एक रुपयाचं काम नाही, भाऊ.’ त्यामागोमाग ‘सिंगल हँड आहे’ येतं आणि शेवटी हुकमाचं पान पडतं, ‘डॉक्टरची गाडी आहे.’ डॉक्टरची गाडी म्हणजे कमी चाललेली, वेळेवर सर्व्हिसिंग झालेली, घर ते दवाखाना एवढंच जग पाहिलेली. या दोन जिल्ह्यांत डॉक्टरच्या म्हणून जितक्या गाड्या विकल्या जातात तितके डॉक्टर खरोखर असते, तर भामरागडच्या रुग्णाला गडचिरोलीपर्यंत खेचत आणावं लागलं नसतं.

तरी गाडी लागतेच. गडचिरोली जिल्ह्याचा जवळपास तीन चतुर्थांश भाग जंगल आहे. रेल्वे कित्येक वर्षं वडशाला, म्हणजे देसाईगंजला, स्पर्श करून पुढे निघून जात आली. जिल्ह्याच्या गावाहून सिरोंचा गाठायचं तर दोनशे किलोमीटरच्या वर रस्ता तुडवावा लागतो. एटापल्लीला बदली झालेला शिक्षक, अहेरीच्या रुग्णालयातली परिचारिका, दिवाळी ते होळी रात्ररात्र गावोगाव फिरणारे झाडीपट्टी नाटकांचे कलावंत, या सगळ्यांना चार चाकं हवीत आणि शोरूमचा हप्ता झेपत नाही. उलट बाजूला चंद्रपूरची ऊर्जानगर वसाहत, वेकोलिच्या कॉलन्या, बल्लारपूरची पेपर मिल, गडचांदूरकडचे सिमेंट कारखाने. तिथे माणसं निवृत्त होतात, बदलून जातात, नागपूरला फ्लॅट घेतात आणि जाताना गाडी काढतात. एकाचा निरोपसमारंभ आटोपला की दुसऱ्याच्या अंगणात गाडी येते. दुकान नाही, दलाल नाही. ओळखीतल्या ओळखीत व्यवहार.

या गाड्यांमध्ये दडलेल्या दोषांवर इथल्या भूगोलाची सही असते. घुग्घुस, माजरी, सास्ती या कोळसापट्ट्यात वाढलेल्या गाडीचा एअर फिल्टर बदलून टाकता येतो, पण एसीच्या ब्लोअरमध्ये आणि दरवाज्यांच्या रबरामागे काळी भुकटी बसलेली असते ती सहसा कुणी काढत नाही. दक्षिणेकडच्या गाड्यांचं दुखणं वेगळं. सुरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक सुरू झाल्यापासून आलापल्ली-आष्टी रस्त्याने जे हाल पाहिले, ते त्या रस्त्यावरच्या गाड्यांच्या लोअर आर्म, बॉल जॉइंट आणि शॉकअपने सोसले. अशी गाडी विकणारा ‘चला, चालवून बघा’ म्हणत गिऱ्हाइकाला नागपूरच्या गुळगुळीत रस्त्याकडेच नेतो, आणि गाणीही जरा मोठ्यानेच लावतो. खाली काय खडखडतं हे गाणी बंद करून, काचा उतरवून, गाडी दोनचार गतिरोधकांवरून नेल्याशिवाय कळत नाही.

इंजिनाचीही एक युक्ती आहे, आणि ती जुनी आहे. गिऱ्हाईक यायच्या आधी विकणारा गाडी ‘जरा धुऊन आणतो’. धुणं हे निमित्त. इंजिन तापवून ठेवायचं असतं. ऑइल खाणारं इंजिन गार असताना पहिल्या सेल्फला निळा धूर सोडतं, वरून टकटक ऐकू येते. तापल्यावर बरंचसं झाकलं जातं. म्हणून जाणता माणूस आधी बॉनेटवर हात ठेवतो आणि गाडी दारातच गरम लागली तर उद्या पहाटे येतो म्हणून निघून जातो. चंद्रपूरचा मे महिना पारा ४७ अंशांच्या वर नेऊ शकतो, त्यामुळे गार इंजिन ही तिथे पहाटेच भेटणारी चीज. एसीचं उलटं. जानेवारीत गाडी घेणारा एसी लावूनच बघत नाही. मेमध्ये घेणारा लावतो, तर त्याच आठवड्यात गॅस भरलेला असतो. कूलिंग कॉइल गळकी आहे हे कळायला पहिला पाऊस उजाडतो.

मीटरचं तर बोलायलाच नको. पूर्वी केबल काढून आकडे मागे फिरवावे लागत, आता डिजिटल मीटरला एक उपकरण जोडलं की पाऊण लाख किलोमीटर चहा होईपर्यंत विरघळतात. अमेरिकेने १९७२ साली यासाठी खास कायदा केला. आपल्याकडे फसवणुकीच्या सर्वसाधारण कलमावर भागवावं लागतं. खाणीच्या किंवा सरकारी कामावर भाड्याने लावलेली बोलेरो पुढे खासगी नोंदणीत बदलून पांढऱ्या पाटीवर येते तेव्हा तिचं मीटर फार क्वचित खरं बोलतं. ब्रेकच्या पायडलचं झिजलेलं रबर आणि गुळगुळीत झालेलं स्टिअरिंग त्यापेक्षा जास्त प्रामाणिक. अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या संगणकात प्रत्येक सर्व्हिसिंगला किती किलोमीटर होते याची नोंद असते, आणि ती गाडीच्या नंबरावर निघू शकते. ती मागणारे थोडे.

सगळ्यांत कपटी दोष पाण्याचा. २३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे नागपुरात अंबाझरी तलाव ओसंडला, नागनदी वस्त्यांत शिरली आणि घरांसमोर उभ्या असलेल्या गाड्या छपरापर्यंत बुडाल्या. त्याच्या आदल्या वर्षी, जुलै २०२२मध्ये, इरई आणि वर्धा नद्यांनी चंद्रपुरात आणि मेडीगड्डा बंधाऱ्याच्या फुगवट्याच्या दिवसांत गोदावरी-प्राणहितेने सिरोंचात तेच केलं होतं. बुडालेली गाडी दुसऱ्या दिवशी उन्हात वाळते आणि मालक चावी फिरवतो. ही चूक महागात पडते : सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी हवेसारखं दाबलं जात नाही, त्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकतो. साध्या विमा पॉलिसीत हे नुकसान बहुधा बसत नाही, त्याला वेगळं इंजिन संरक्षण घ्यावं लागतं. ते नसलेला मालक इंजिन जेमतेम उभं करतो, सीटकव्हर नवी चढवतो, डॅशबोर्डवर अत्तराची कुपी ठेवतो आणि गाडी दीडशे किलोमीटर लांब, जिथे तिचा पूर कुणी पाहिलेला नाही अशा गावात विकतो. पुढचे काही महिने ती छान धावते. मग एका सकाळी काच उतरत नाही, दुसऱ्या सकाळी डॅशबोर्डवरचे सगळे दिवे एकदम लागतात, कारण वायरिंगच्या जोडण्यांत हिरवा गंज चढत आलेला असतो. शोधायचंच असेल तर सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघावा. आतल्या टोकाला गाळाची रेघ राहते, धुणाऱ्याचा हात तिथवर पोचत नाही. सीटखालच्या पट्ट्यांचे बोल्ट आणि स्टेपनीची खोबणही बरंच काही सांगतात.

जुन्या गाड्यांच्या या बाजारावर एका माणसाला नोबेल मिळालं आहे. जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १९६६-६७मध्ये या विषयावर निबंध लिहिला. मुद्दा साधा होता. गाडी कशी आहे हे विकणाऱ्याला ठाऊक, घेणाऱ्याला नाही. म्हणून घेणारा सगळ्याच गाड्यांना सरासरी भाव देतो. त्या भावात चांगल्या गाडीचा मालक विकायला तयार होत नाही आणि बाजारात हळूहळू भंगारच उरतं. निबंध पाठवून अकरलॉफ वर्षभरासाठी भारतात आले आणि पहिलं नकाराचं पत्र त्यांना इथेच मिळालं; असल्या क्षुल्लक गोष्टी आम्ही छापत नाही, असा त्या नियतकालिकाचा सूर होता. आणखी दोघांनी नाकारल्यावर १९७०मध्ये तो छापून आला, २००१मध्ये नोबेल. त्या निबंधात भारतातल्या गृहिणीचाही उल्लेख आहे : तांदळाच्याच रंगाचे, आकाराचे खडे मुद्दाम मिसळलेले असतात म्हणून तिला बाजारचा तांदूळ निवडून घ्यावा लागतो. धानाच्या या मुलखाला ते समजावून सांगायला अर्थशास्त्रज्ञाची गरज नव्हती.

अकरलॉफच्या हिशेबाने चांगल्या गाडीने बाजारात यायचंच नाही. इथे ती येतही नाही. ती साडूला जाते, मामेभावाला जाते, फार तर शेजारच्या क्वार्टरमधल्या सहकाऱ्याला जाते. गुपित माहीत असलेल्या माणसाकडूनच घ्यावं म्हणजे फसगत होणार नाही, हा गावाने काढलेला तोडगा आहे आणि तो अर्थशास्त्राला धरूनच आहे. फक्त एक गोष्ट त्यात विसरली जाते. परक्याकडून गाडी घेताना माणूस निदान प्रश्न विचारतो. साडूला कोण विचारणार की गाडी कुठे ठोकली होती का? मेकॅनिकला सोबत नेलं तर ‘आमच्यावर भरवसा नाही का भाऊजी’ हे वाक्य येणार, आणि पुढच्या लग्नात पुन्हा येणार. भीड ही इथली सगळ्यांत महाग पडणारी गोष्ट आहे. पंधरा हजारांची क्लच प्लेट त्यापुढे स्वस्त.

इथे १८७२च्या भारतीय करार अधिनियमाचं सतरावं कलम वाचण्यासारखं आहे. कायद्याचं पुस्तक इतकं मजेशीर क्वचित असतं. फसवणूक म्हणजे काय हे सांगताना नुसतं गप्प राहणं ही फसवणूक नव्हे, असं ते म्हणतं आणि घोड्याचं उदाहरण देतं. एकजण लिलावात घोडा विकतो; घोड्यात खोड आहे हे त्याला ठाऊक आहे; तो काही बोलत नाही. फसवणूक झाली नाही. मग दुसरं उदाहरण : घेणारी त्याचीच, नुकतीच सज्ञान झालेली मुलगी आहे. आता नातंच असं आहे की सांगणं हे त्याचं कर्तव्य ठरतं. तिसरं त्याहून कामाचं. घेणारा म्हणतो, ‘तुम्ही नाही म्हणाला नाहीत तर घोडा निर्दोष आहे असं मी धरून चालेन,’ आणि विकणारा गप्प राहतो. इथे त्याचं मौन बोलण्याइतकंच धरलं जातं.

दीडशे वर्षांपूर्वी हे लिहिणाऱ्यांना वाटलं की नातं जवळचं असेल तर विकणाऱ्याचं तोंड उघडावं. आपल्याकडे नातं जवळचं असलं की घेणाऱ्याचं तोंड मिटतं. आणि बाप-लेकीच्या उदाहरणावर विसंबून साडूने साडूवर दावा ठोकावा इतकं ते उदाहरण ताणताही येणार नाही. हाताशी राहतं ते तिसरं : विचारणं. ‘गाडी पाण्यात गेली होती का, मोठा अपघात झालाय का, मीटर खरं आहे का,’ असा साधा निरोप मोबाइलवर लिहून पाठवला तर उत्तरही पुरावा आणि उत्तराचं टाळणंही पुरावा. तोंडी ‘एक रुपयाचं काम नाही’ हे विधान खोटं असल्याचं माहीत असून केलं असेल तर कायद्याने ती फसवणूकच. पण ते बोललं गेलं होतं हे सिद्ध कोण करणार? त्यात कलम १९ पुन्हा सुनावतं की मौनाच्या बाबतीत, साधी काळजी घेऊन सत्य कळण्यासारखं होतं तर करार रद्द करून मागता येत नाही. म्हणजे कोपऱ्यावर गॅरेज होतं आणि तुम्ही गेला नाहीत, तर तुमचं तुम्ही बघा. ग्राहक आयोगाचा रस्ताही इथे अवघड. ग्राहक संरक्षण कायदा व्यापार करणाऱ्याविरुद्ध आहे, आणि घरची एकुलती गाडी विकणारा निवृत्त फोरमन व्यापारी ठरत नाही.

आणि एवढं सगळं गृहीत धरूनही जो कागद होतो तो घेणाऱ्याच्या विरोधातच लिहिलेला असतो. तहसील कचेरीबाहेर टंकलेखकाकडे ठरलेला नमुना असतो. शंभराचा स्टॅम्प पेपर ऑक्टोबर २०२४ पासून पाचशेचा झाला, मजकूर तोच राहिला : गाडी आहे त्या स्थितीत पाहून, तपासून, चालवून घेतली आहे, पुढे कोणतीही तक्रार राहणार नाही. खाली ताबा दिल्याची तारीख आणि वेळ, अगदी मिनिटापर्यंत. ही वेळ विकणाऱ्याला वाचवण्यासाठी असते, म्हणजे दहा वाजून पाच मिनिटांनी अपघात झाला तर तो दुसऱ्याचा. घेणारा हे न वाचता सही करतो, कारण त्याचं लक्ष चावीकडे असतं.

विकणाऱ्यालाही हा कागद वाटतो तेवढा वाचवत नाही. मोटार वाहन कायद्याप्रमाणे राज्यातल्या राज्यात विकलेल्या गाडीची खबर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला द्यायची असते, २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर. ‘टीटी’, म्हणजे नावाची बदली, ‘नंतर करू’ म्हणत ते लांबतं. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात गाडी एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे, तिथून चौथ्याकडे गेली होती आणि आरसीवर नाव पहिल्याचंच होतं. २००९मध्ये अपघात झाला. सर्वोच्च न्यायालयाने ६ फेब्रुवारी २०१८ला सांगितलं की नोंदीत ज्याचं नाव, तोच कायद्याच्या नजरेत मालक, भरपाई त्यानेच द्यायची.

कागदातला दोष इंजिनातल्या दोषापेक्षा वाईट, कारण तो कानाला ऐकू येत नाही. एक समाधान असं की इथे कायदा घेणाऱ्याच्या बाजूने आहे. १९३०चा मालविक्री अधिनियम खासगी विक्रीतही गृहीत धरतो की विकणाऱ्याला विकायचा हक्क आहे आणि मालावर न सांगितलेला कुणाचा बोजा नाही. इंजिनाबद्दल गप्प राहता येतं, फायनान्स कंपनीच्या बोजाबद्दल नाही. तरी आरसीवर बोजा तसाच असलेल्या गाड्या विकल्या जातात, बोजा उतरवणाऱ्या ३५ नंबरच्या फॉर्मचं नावही न काढता. सीमेवर आणखी एक गुंता. सिरोंचा, राजुरा, जिवतीकडे तेलंगणातल्या गाड्या सहज येतात. त्यांच्या पाटीवर एपी असेल तर गाडी २ जून २०१४च्या, म्हणजे तेलंगण राज्य होण्याच्या, आधीची. टीएस असेल तर त्यानंतरची. मार्च २०२४ पासून टीजी. दरात तीस-चाळीस हजारांचा फरक पाहून माणूस भुलतो. मग तिकडचं ना हरकत प्रमाणपत्र, इकडचा कर आणि नवी नोंदणी यांत तो फरक जिरतो आणि वर चार चकरा पडतात.

आणि एक दोष असा, जो पुण्या-मुंबईच्या जुन्या गाडीत सहसा सापडायचा नाही. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती १ एप्रिल २०१५ला लागू झाली आणि २७ मे २०२१ला मंत्रिमंडळाने उठवली. या सहा वर्षांत जोडीने दोन जिल्हे कोरडे होते आणि भोवतीचा बराचसा मुलूख ओला. दारू पोचवायला गाड्या लागत, आणि पकडली तर गाडीही जप्त होणार म्हणून त्या जुन्या, स्वस्त आणि शक्यतो दुसऱ्याच्या नावावरच्या घेतल्या जात. मागच्या सीटखाली, डिकीच्या तळाशी पत्रा कापून चोरकप्पे केले जात. पोलिस ठाण्यांच्या आवारात अशा गाड्यांच्या रांगा लागल्या. ज्या पकडल्या गेल्या नाहीत त्यांचं काय झालं? त्या विकल्या गेल्या. कप्पा वेल्डिंगने बुजवून, वर गालिचा टाकून. मागचे पाटे जास्तीचे घातलेले असतात, कारण ओझं दिसू नये म्हणून मागची बाजू उंच ठेवावी लागे. अशी गाडी घेणाऱ्याला ‘मागून जरा उडते’ एवढंच जाणवतं. उलट, ज्याने गाडी विकून आरसीवर नाव तसंच ठेवलं आणि ती पुढे दारूत सापडली, त्याला पोलिसांनी बोलावल्यावर आपण गाडी केव्हाच विकली हे पटवून द्यायला तो स्टॅम्प पेपर शोधावा लागतो.

या दोन जिल्ह्यांत जुनी गाडी डोळे उघडे ठेवून घेणारे लोक कुठे असतील तर ताडोब्याच्या दारांवर, मोहर्ली-कोलारा भागात. तिथे सफारीला वर्षानुवर्षं मारुती जिप्सी चालली. ही गाडी १९८५ला आली, आधी ९७० सीसीचं इंजिन, पुढे १३०० सीसीचं, आणि २०१९च्या सुमारास तिचं उत्पादन थांबलं. नवी मिळणार नाही आणि धंदा तर तिच्यावर, म्हणून जुन्या जिप्सीला भाव चढला. सैन्याच्या लिलावातून सुटलेल्या, डोंगरात घासलेल्या गाड्यासुद्धा फिरत फिरत इकडे येतात. विकणारा इथेही ‘एक रुपयाचं काम नाही’ म्हणतो. घेणारा हसतो आणि मेकॅनिकला खाली झोपवतो. काम लाखाचं निघणार हे दोघांनाही माहीत असतं, भाव त्याच हिशेबाने ठरतो. इंजिन बदलता येतं, गिअरबॉक्स मिळतो, पाटे नवे भरता येतात, हुड शिवून घेता येतं. बदलता येत नाही ती चेसिस, कारण नंबर तिच्यावरच ठोकलेला असतो आणि जिप्सीची चेसिस गंजते. मेकॅनिक लहान हातोडीने तिच्यावर टक टक करत जातो, कुठे आवाज बद येतो ते ऐकतो, मग चिंध्यांनी चिखल पुसून नंबर शोधतो, मोबाइलच्या उजेडात आरसीवरच्या एकेक आकड्याशी ताडून बघतो. एखादा आकडा घासलेला किंवा शेजारच्यापेक्षा जरा वाकडा दिसला की तो खालूनच मान हलवतो, आणि घेणारा चहाचे पैसे देऊन मोटारसायकलला किक मारतो.